प्रश्न रुग्णाच्या खाटेजवळचे

(रुग्णसेवेतील संशोधन या विषयावरील परिषदेत, मिरज येथे केलेले स्वागताध्यक्षीय भाषण)

महाराष्ट्राच्या सर्व भागांतून, गोव्यातून आणि बेळगाव-विजापूरकडून आलेले डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, वैद्यकीय समाजसेवक, संशोधक आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मिरज नगरीत मनःपूर्वक स्वागत करतो.

मिरजेचे नाव काढले की बाहेरगावच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. पहिली म्हणजे इथल्या कारागिरांच्या हातून घडलेले तंबोरे आणि सतारी. मिरासाहेबांच्या दर्ग्यावर उरुसात आजही गाणे होते आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावच्या मातीत विसावले आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे इथले दवाखाने. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस मिशनच्या कामासाठी या भागात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी इथे रुग्णालय सुरू केले. त्या काळी शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे लोक मिरजेची वाट धरत. पुढे १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, खासगी रुग्णालये वाढली आणि ही वाट रुंद होत गेली. आजही सकाळच्या गाड्यांमधून उतरणाऱ्या प्रवाशांत अथणी, चिक्कोडी, पंढरपूरकडचे रुग्ण असतातच. काखेत एक्स-रेची मोठी पाकिटे, पिशवीत जुने केसपेपर आणि सोबत गावातला एखादा जाणता माणूस.

सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या गावाने उपचार केले. केलेल्या उपचारांचे पुढे काय झाले, हे मोजण्याची सवय मात्र आपल्याला पुरेशी लागलेली नाही. मिरजेचीच गोष्ट सांगतो. आम्ही शस्त्रक्रिया करतो, चार-सहा दिवसांत रुग्णाला डिस्चार्ज मिळतो आणि तो सीमेपलीकडच्या आपल्या गावी जातो. जखम पिकली तर तिथल्याच डॉक्टरांकडे ड्रेसिंग करून घेतो. आमच्या नोंदवहीत तो बरा होऊन गेलेला असतो. या परिषदेची मांडणी करताना ही दरी आमच्या डोळ्यांसमोर होती. म्हणूनच विषयाची सुरुवात आम्ही शस्त्रक्रियागृहापासून केली आणि शेवट अखेरच्या दिवसांपाशी ठेवला. या सगळ्या वाटेवर रुग्ण एकच असतो. त्याच्यासाठी आपण जे करतो ते प्रत्येक टप्प्यावर तितक्याच कसोशीने तपासले गेले पाहिजे, हे आज मला आग्रहाने सांगायचे आहे.

संशोधन म्हटले की आपल्याकडे पुष्कळांना मोठी प्रयोगशाळा आणि परदेशी कंपनीचे नवे औषध आठवते. अलीकडच्या काळातली उदाहरणे वेगळेच सांगतात. टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. स्तनातली कर्करोगाची गाठ काढताना तिला हात लागतो, तेव्हा तिथल्या पेशी पसरण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचले, तर हा धोका कमी होईल का? लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडीत देतात तेच इंजेक्शन. देशातल्या ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांना दोन गटांत विभागून हे तपासले गेले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. तालुक्याच्या ठिकाणच्या औषधाच्या दुकानातही मिळणाऱ्या कुपीने शंभरांमागे तीन-चार स्त्रियांचे प्राण वाचत असतील, तर याहून मोलाचे संशोधन कोणते?

तोंडाचा कर्करोग तर आपल्या घरादारातला. तंबाखू, मिश्री आणि गुटख्याने या भागातली किती कुटुंबे पोखरली, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. या रोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत मानेत गाठ लागत नसेल, तर मानेतल्या ग्रंथी लगेच काढाव्यात की वाट पाहावी, यावर सर्जनांमध्ये वर्षानुवर्षे वाद होता. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसे होती. टाटा स्मारकाच्या डॉ. अनिल डीक्रूझ यांच्या गटाने हा वाद रुग्णांच्या नोंदींवर सोडवला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्याच शस्त्रक्रियेत ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. अनुभवाचा मान राखूनही अनुभवाला तपासणीला बसवावे लागते, हा यातला धडा आहे.

आता टाके घालण्याच्या वेळेकडे येऊ. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखम पिकणे ही आपल्या वॉर्डातली जुनी डोकेदुखी आहे. भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांनी मिळून १३,३०१ रुग्णांवर एक अभ्यास केला. पोट बंद करण्यापूर्वी संपूर्ण चमूने हातमोजे बदलायचे आणि नवी निर्जंतुक उपकरणे घ्यायची, एवढाच बदल. तीस दिवसांत जखम पिकण्याचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्याच्या आदल्याच वर्षी, सात देशांत ५,७८८ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात जंतुनाशक लेप दिलेला महागडा धागा आणि महागडे त्वचा-निर्जंतुक द्रावण तपासले गेले होते. नेहमीचा धागा आणि आपले पोव्हिडोन आयोडीन यांच्यापेक्षा त्यांचा जास्त फायदा दिसला नाही. माझ्या मते हे दोन अभ्यास एकत्रच शिकवायला हवेत. कुठे पैसा घालावा आणि कुठे वाचवावा हे त्यांनी सांगितले, आणि ज्यांची बिले शेतीच्या उत्पन्नातून भागतात त्या रुग्णांसाठी दोन्ही उत्तरे सारखीच महत्त्वाची आहेत. हातमोजे बदलण्याचा हा नियम सिस्टरांच्या दक्षतेवाचून एक दिवसही चालणार नाही, हेही मी आवर्जून सांगतो.

मित्रहो, इथपर्यंतचा रस्ता आपल्या ओळखीचा आहे. पुढचा भाग अवघड आहे, कारण रोग बरा होणार नाही हे कळल्यावर आपल्यापैकी अनेकांची जिज्ञासाच थांबते. 'आता काही करण्यासारखे नाही' हे वाक्य आपल्या रुग्णालयांत फार सहज बोलले जाते. पुराव्याने पाहिले तर ते खरे नाही. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग पुढच्या अवस्थेत गेलेल्या ४२२ रुग्णांवर टाटा स्मारकात अभ्यास झाला. एका गटाला शिरेतून सिस्प्लॅटिन दिले आणि दुसऱ्याला घरी घेता येतील अशा मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिबच्या गोळ्या. सिस्प्लॅटिनच्या गटातली मध्यक आयुर्मर्यादा ६.१ महिने, गोळ्यांच्या गटातली ७.५ महिने. तीव्र दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी. उरलेले महिने सलाईनच्या खाटेवर न काढता घरी काढायचे आणि तरी थोडे अधिक जगायचे, ही मिळकत सव्वा-दीड महिन्याच्या आकड्याहून मोठी आहे.

अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातला २०१० चा अभ्यास तर या क्षेत्राला दिशा देणारा ठरला. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांपैकी काहींना निदानापासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर उपशामक सेवाही दिली गेली. म्हणजे वेदना, धाप, झोप, मनातली भीती आणि घरच्यांची चिंता यांकडे पहिल्या दिवसापासून लक्ष. त्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, शेवटच्या काळातले आक्रमक उपचार कमी झाले आणि ते जगलेही जास्त, ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने.

अगदी अखेरच्या दिवसांतही संशोधन होऊ शकते का, असे कोणी विचारेल. घरघर लागलेल्या माणसाजवळ रात्र काढलेल्या नातेवाइकांना विचारा, त्यांना उत्तर हवे आहे की नको. नेदरलँड्समधल्या सहा हॉस्पिसांनी हाच विषय घेतला. पोटात कळा येतात तेव्हा आपण जे ब्यूटिलस्कोपोलामिन देतो, ते घरघर सुरू होण्याआधीच दिले तर? १५७ रुग्णांवरच्या या अभ्यासात घरघरीचे प्रमाण २७ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले. मला त्यातली संमतीची पद्धत विशेष वाटते. माणूस हॉस्पिसमध्ये दाखल होताना, पूर्ण शुद्धीवर असताना, त्याला सगळे समजावून विचारले गेले. मृत्यू समोर दिसत असताना पुढच्या रुग्णांच्या उपयोगी पडावे म्हणून त्या माणसांनी होकार दिला. मरणाऱ्या माणसाला संशोधनाचा त्रास देऊ नये, असे आपण परस्पर ठरवतो. त्यालाच विचारणे अधिक आदराचे आहे.

न तपासता केलेली सेवा चांगल्या हेतूनेही चुकू शकते. ब्रिटनमध्ये लिव्हरपूल केअर पाथवे नावाची अखेरच्या दिवसांसाठीची कार्यपद्धती देशभर लागू झाली. हेतू उत्तम होता, पण पुरावा अपुरा होता. अनेक ठिकाणी ती नुसती खुणा करण्याची यादी बनली, कुटुंबांशी संवाद तुटला आणि चौकशीनंतर २०१४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. मायेने केलेल्या कामालाही तपासणीची गरज असते, हे तिथल्या कुटुंबांनी मोठी किंमत मोजून जगाला शिकवले.

आपल्याकडे या सेवेची परंपरा आहे. १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा यांनी मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केले, ते देशातले पहिले हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून विनामूल्य काम करते आहे. केईएमच्या परिचारिकांनी अरुणा शानबाग यांची चार दशकांहून अधिक काळ केलेली शुश्रूषा या राज्याचे भूषण आहे. त्यांच्याच प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीवरक्षक उपचार थांबवण्याचा विचार पहिल्यांदा कायद्याच्या चौकटीत आणला. २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्काला आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी झाली आणि ते नोटरीसमोरही करता येऊ लागले. मॉर्फिन मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. कायदा पुढे गेला आहे. वॉर्डात मात्र आजही आयसीयूचे बिल आवाक्याबाहेर गेले की नातेवाईक 'आमच्या जबाबदारीवर घरी नेतो' असे लिहून देतात. ॲम्ब्युलन्स निघून जाते. घरी त्या माणसाला वेदना झाल्या का, धाप लागली तेव्हा कोण होते, मॉर्फिनची एक गोळी तरी मिळाली का, याची नोंद कुठेही होत नाही. या परिषदेने एकच प्रश्न हाती घ्यायचा ठरवला, तर मी हा प्रश्न सुचवेन.

म्हणून यजमान या नात्याने आपल्याकडे काही मागण्या ठेवतो. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाला तिसाव्या दिवशी फोन जावा, त्याच्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, आणि उत्तर केसपेपरवर लिहिले जावे. ताप आणि रक्तदाबाबरोबर वेदनेचीही नोंद व्हावी. संमतीपत्र रुग्णाला वाचून दाखवावे, समजले का ते त्याच्याच तोंडून ऐकावे आणि 'नाही' म्हणणाऱ्याच्या उपचारात तसूभरही फरक पडू नये. प्रत्येक चाचणी आधी राष्ट्रीय नोंदणीत दाखल व्हावी. अशी नोंदणी आपल्याकडे २००७ पासून आहे. अपेक्षेविरुद्ध आलेले निष्कर्षही छापले जावेत, कारण महागड्या धाग्याचा उपयोग नाही हे कळणेही ज्ञानच आहे. आणि अभ्यासाचा प्रश्न ठरवताना सिस्टर, फॅमिली डॉक्टर आणि ज्यांनी घरी रुग्णाची सेवा केली ती माणसे बैठकीत असावीत. खाटेजवळ सर्वांत जास्त वेळ तेच असतात.

या परिषदेसाठी सभागृह देणाऱ्या संस्थेचे, रात्रपाळ्या सांभाळून कार्यालय चालवणाऱ्या आमच्या निवासी डॉक्टरांचे, नर्सिंगच्या विद्यार्थिनींचे आणि भोजनाची जबाबदारी घेतलेल्या मिरजकरांचे मी आभार मानतो. व्यवस्थेत काही उणे आढळले तर कार्यकर्त्यांना निःसंकोच सांगा.

या दोन दिवसांत आपण भरपूर वाद घालाल, एकमेकांचे आकडे तपासाल, असा मला विश्वास आहे. परत जाताना प्रत्येकाने आपल्या वॉर्डातला एक प्रश्न लिहून स्वागत कक्षातल्या सिस्टरांकडे द्यावा. त्यातून निवडलेल्या प्रश्नांवर या परिसरातल्या रुग्णालयांनी एकत्र काम करावे, यासाठी स्वागत समिती परिषद संपल्यानंतरही काम चालू ठेवील, असा शब्द मी आज देतो. आपले पुन्हा एकदा स्वागत करतो आणि माननीय उद्घाटकांना परिषदेचे उद्घाटन करण्याची विनंती करतो.