जुने छिद्र, नवे ठिगळ

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, त्यास 'कर्नल' म्हणतात. कोणती फाइल कोणी केवळ वाचावी व कोणी बदलावी, याचा निवाडा तोच करतो. तेथे उणीव राहणे म्हणजे खुद्द कोठावळ्याच्या किल्ल्या चोरीस जाणे होय.

लिनक्सच्या कर्नलमधील असे एक छिद्र २०१६ च्या ऑक्टोबरात बुजविण्यात आले. 'डर्टी काऊ' हे त्याचे काहीसे विनोदी नाव. अनेक प्रोग्राम स्मृतीतील एकच पान वाचीत असतात. त्यांपैकी एखाद्यास त्यात लिहावयाचे झाल्यास कर्नल त्याला निराळी नक्कल करून देतो. मूळ पान अबाधित राहते. परंतु नक्कल झाल्यावर, प्रत्यक्ष लेखनापूर्वीच्या निमिषार्धात, त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या शाखेने ती टाकून दिली, तर लेखन थेट मूळ पानावर होई! अशा रीतीने सामान्य वापरकर्ता सर्वाधिकारी बनू शके.

नवल असे की, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच्या ११ वर्षे आधीच हा दोष काढण्याचा यत्न केला होता. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर त्यामुळे अडचणी उद्भवल्या आणि तो मागे घेतला गेला. तेव्हा हा धोका निव्वळ तात्त्विक भासे. पुढे स्मृतिव्यवस्था एकाच वेळी अधिकाधिक कामे पेलू लागली, आणि तो प्रत्यक्षात आणणे सुकर झाले.

नवी दुरुस्ती तशी अल्पाक्षरी. नक्कल झाल्याची खूण ठेवावयाची व तिचा हवाला पडताळूनच पुढे जावयाचे. तथापि मोठ्या आकाराच्या पानांपुरते हे ठिगळ अपुरे असल्याचे २०१७ च्या नोव्हेंबरात उघडकीस आले, आणि तेथेही टाके घालावे लागले.