सुरक्षित वस्तरा आणि नवशिका हात

पनवेल तालुक्यांतील शिरढोण हें वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मगांव. त्यांच्या परिचित छायाचित्रांत भरघोस दाढी दिसते. पण अशा खेड्यांतील इतरांच्या हनुवट्या एके काळीं गांवच्या न्हाव्याच्या हवालीं असत. धोकटी उघडून, वाटींत पाणी घेऊन, तो आधीं दाढी बोटांनीं चोळचोळून भिजवी. वस्तरा नंतर.

जिलेटचा सुटसुटीत पात्याचा वस्तरा अमेरिकेंत १९०३ सालीं विक्रीस आला. त्या वर्षीं अवघे ५१ नग खपले; पुढल्या वर्षीं नव्वद हजारांवर! धार लावण्याची यातायात संपली, न्हाव्याचें गिऱ्हाईकही तुटलें. मात्र त्याचें ज्ञान त्या डबींतून आलें नाहीं. नवशिक्याचा गाल रक्ताळतो तो यामुळेंच. कोरडा केंस ताठर असतो. पाणी शोषल्यावर तो मऊ पडून सहज कापला जातो. म्हणून स्नानानंतर फेस दोन-तीन मिनिटें मुरूं द्यावा आणि पातें त्वचेशीं सुमारें तीस अंशांच्या कोनांत धरावें. दाबूं नये. वस्तऱ्याचें वजनच पुरतें. आणि हें न दाबणेंच शिकावयास सर्वांत अवघड. पहिला फेर केंसांच्या रोखानें घ्यावा. गळ्यावर हा रोख बदलतो. तेथें आधीं बोटांनीं चाचपावें. खरचटल्यास ओली तुरटी आहेच.

कोंकणच्या दमट हवेंत पातें लवकर गंजतें, तें झटकून वाळवावें.

न्हाव्याचा डावा हात कातडी ताणून धरी. आरशापुढें एकट्या बसलेल्याचा तो हात बहुधा रिकामाच असतो. त्यानें गालाची कातडी कानाकडे ओढून धरावी.