स्वागताध्यक्षांचे भाषण : तळटीप आणि तिची गणती

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील विद्वज्जन आणि ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या उपासक बंधुभगिनींनो,

हातच्या कामाची तजवीज करून, दूरदूरच्या ग्रंथालयांतून आपण येथे आलात, याबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

उद्धरणांच्या संख्येवरून संशोधकांचा अनुक्रम लावावा काय, हा परिषदेपुढील प्रश्न आपल्या घरचाच आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९४८ मध्येच ग्रंथालयाच्या कामाला गणिताची जोड देणाऱ्या ‘लायब्रमेट्री’चा पुरस्कार केला होता, तेव्हा मोजदादीशी आपले वैर नाही. १९५५ साली यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानसाहित्याच्या उद्धरणसूचीची योजना मांडली, ती एका लेखातील विचार पुढे कोणी स्वीकारला, कोणी खोडला, याचा माग वाचकाला लागावा म्हणून. पुढे २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला, आणि नेमणुका व बढत्यांच्या दफ्तरात त्या एका आकड्याचे वजन वाढत गेले. जितके लेख प्रत्येकी किमान तितक्याच वेळा उद्धृत झाले, ती मोठ्यात मोठी संख्या म्हणजे हा निर्देशांक. त्या हिशेबात, प्रत्येकी पाच वेळा उद्धृत झालेले पाच लेख लिहिणाऱ्याचा निर्देशांक पाच भरतो. आयुष्यात एकच लेख लिहून पाचशे वेळा उद्धृत झालेल्याचा मात्र एकच!

परंतु या गणतीची याहून मोठी उणीव आपल्याच व्यवसायात दिसते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. अभ्यासक ती उघडतो, हवी ती नोंद कागदावर टिपून घेतो, मूळ ग्रंथ मिळवितो; आणि प्रबंधाच्या तळटिपेत त्या ग्रंथाचे नाव येते, वाट दाखविणाऱ्या सूचीचे बहुधा येत नाही. ज्यांच्या श्रमांवाचून तळटीपच लिहिली गेली नसती, त्यांच्या नावावर त्या तळटिपेची गणती होत नाही.

आकड्यातून असे पुष्कळ निसटते, म्हणून माझी नम्र विनंती अशी की, उद्धरणांचा जो आकडा आपण सिद्ध करून देतो, त्यासोबत कोणती नियतकालिके, कोणत्या भाषा आणि किती वर्षे त्यात धरली, याचा स्पष्ट दाखला जोडणे हे आपण कर्तव्य मानावे. आणि निवड समितीपुढे आकडा जाईल, तेथे उमेदवाराचे निवडक लेखनही जावे व ते वाचले जावे, अशी शिफारस या परिषदेने करावी. वाचकाला ग्रंथापर्यंत नेणे हे ज्यांचे व्रत, त्यांनीच न वाचता केलेल्या न्यायाला संमती देऊ नये.

पुनश्च आपले स्वागत करून, अध्यक्षमहोदयांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी प्रार्थना करतो.