तापोळ्याची सहल
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)



मला ‘सोसायटीच्या सहली’ यावर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. सहली पुष्कळ झाल्या. मी तापोळ्याच्या एकाच सहलीबद्दल बोलतो, कारण ती मी ठरवली होती आणि ठरवताना माझं चुकलं होतं.

त्या वर्षी मी सेक्रेटरी होतो. बसभाडं, जेवण, बोटिंग आणि पाण्याकाठच्या रिसॉर्टमध्ये ‘स्पा’ असा बेत. स्पाचा दर ऐकून एक काका मीटिंगमध्येच म्हणाले, “तेवढ्यात मी म्हशीला वर्षभर तेल चोळीन.” तरी दहा जणांनी नावं दिली. आईचं नाव मीच घातलं. तिचे गुडघे दुखायचे.

पहाटे पाचला लोणंद सोडलं. खंबाटकी, सुरूर, वाई. पसरणी घाटात दोघांना उलट्या झाल्या, ते सोडून देऊ. महाबळेश्वरहून तापोळ्याकडे उतरताना शिवसागर दिसला आणि बसमध्ये एकच गलका झाला. आई मात्र गप्प.

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचं पाणी. ते बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे नेतात, तिथे वीज तयार होते आणि पुढे तेच पाणी वाशिष्ठीला मिळतं. हे सगळं मी बसमध्ये माईकवरून सांगत होतो. त्याच पाण्याखाली माझ्या आईचं माहेर आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण त्या दिवशी ते डोक्यात आलंच नाही, खरं सांगतो. 1960 नंतरच्या त्या वर्षांत गाव उठलं तेव्हा आई नऊ वर्षांची होती. पुन्हा कधी तिकडे फिरकली नव्हती.

रिसॉर्टच्या दारात ती म्हणाली, “मला नको ते तेलपाणी. मला बोटीत बसव.”

लाईफ जॅकेट घालून बसली. बोटवाल्या पोराला गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, “आजी, आमचीबी शेतं खालीच हायत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बांधाचे दगड दिसत्यात.” समोरच्या डोंगराच्या सोंडेवर नजर ठेवून ती त्याला “डावीकडं घे, अजून थोडं” सांगत राहिली. मग म्हणाली, “हितं थांबव.” त्याने इंजिन बंद केलं. आमच्या शेजारच्या वहिनी एरवी मिनिटभर गप्प बसत नाहीत, त्याही गप्प.

आईने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

“अगं, पाय ओले होतील,” मी म्हटलं.

“खाली देऊळ हाय आमचं,” ती म्हणाली आणि हात जोडले.

स्पावाली मंडळी तुकतुकीत होऊन आली तेव्हा आम्ही काठावर चहा पीत होतो. तिच्या स्पाचे पैसे काही परत मिळाले नाहीत.

परतताना खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत आई वहिनींना एकेक घर सांगत होती. कुणाच्या परड्यात फणस, कुणाच्या दारात जातं. मी पुढच्या सीटवर बसून ऐकत होतो. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. वहिनींनी ती घरं हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेतली. ती वही आज आमच्याकडे आहे. दोन घरं अजून राहिलीत म्हणते. आई पहिल्या रांगेतच बसली आहे, कार्यक्रम संपला की तिलाच विचारा.