मार्चअखेर आणि घरची पासबुके
(मंडळाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. हिशेब येतो तो दूध-किराण्याचा. तरी सांगते, दिवाळीला माळा झाडतो तशी मार्चअखेर घरातली पासबुकेही काढून बघावीत.

मुलीच्या सुकन्या खात्यात वर्षाला निदान २५० रुपये आणि पीपीएफमध्ये ५०० रुपये ३१ मार्चच्या आत भरावे लागतात. चुकले तर ५० रुपये दंड. पीपीएफचा नवा भरणा ५ एप्रिलपर्यंत केला, तर त्या महिन्याचे व्याज बुडत नाही.

पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ साली रद्द झाला. विम्याचे संरक्षण माणशी ५ लाखांपर्यंतच असते, म्हणून सगळी पुंजी एकाच बँकेत नको.

पण मला बोलायचे आहे ते वेगळेच. आमचे मामंजी गेले, तेव्हा त्यांच्या ठेवीवर वारस म्हणून कोणाचेच नाव नव्हते. सासूबाईंनी वर्षभर खेपा घातल्या. गाडीतळावर बसमध्ये चढताना त्यांचा हात मीच धरायची. पैसा घरचा, आणि औषधाला मात्र उसनवारी!

तेव्हा आज घरी गेल्यावर मालकांना विचारा, वारस कोण लावलाय? आमच्याकडे आधी ‘तुला काय करायचंय?’ झाले. मी नुसती गप्प बसले. तिसऱ्या दिवशी पासबुक आपणहून ओट्यावर आले.