साप चावल्यास वेळ दवडू नका

रब्बीत रात्रीची लाईट आली की आपण ज्वारीला पाणी द्यायला अंधारात निघता. तेव्हा चार विषारी साप ध्यानात ठेवा: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग-मण्यारच्या विषाने पापण्या जड होतात, श्वास कोंडतो. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. मण्यार बहुधा झोपेत चावते. सूज नाही, फारशी वेदना नाही, पहाटे नुसते पोट दुखते. असे दुखणे अंगावर काढू नका.

साप चावल्यास माणसाला धीर द्या, चालवू नका. हाताला किंवा पायाला फळी लावून तो हलणार नाही असा ठेवा. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, साप मारण्यात वेळ घालवू नका. या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. ही लस अंगात फिरणारे विष मारते, पण झालेले नुकसान भरून काढत नाही. म्हणून मांत्रिकाकडे न जाता 108 ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठा. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस लागते, घाबरू नका.

रात्री बॅटरी, काठी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट वापरा. कडब्याची पेंढी उचलण्याआधी काठीने हलवा. वस्तीवर जमिनीवर न झोपता बाजेवर मच्छरदाणी खोचून झोपा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात लस आहे, हे आजच विचारून ठेवा.