साखर वर्ज्य, पण वेळेला तीच औषध

एका आषाढी एकादशीची गोष्ट. आमच्या गावच्या मोटारस्टँडावर एक निवृत्त गुरुजी बाकावर बसले होते. अंग घामाने डबडबलेले, हात थरथरताहेत, बोलणे अडखळते. “गुरुजींनी आज घेतलेली दिसते,” कोणी पुटपुटले. एकाने चहा मागवला, तर दुसरा म्हणाला, “अहो, बिनसाखरेचा आणा, त्यांना मधुमेह आहे!”

दोघांचेही चुकले. गुरुजींनी सकाळी इन्शुलिन टोचून घेतले होते आणि पोटात मात्र उपवास. त्यांची साखर वाढली नव्हती, उतरली होती.

१९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले आणि असंख्य प्राण वाचले. परंतु पोट रिकामे आहे म्हणून ते आपले काम थांबवीत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्यांचेही तसेच. रक्तातील साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की घाम, कापरे, धडधड, कडकडून भूक. आणखी उतरली, की मेंदू उपाशी पडतो. मग चिडणे, बरळणे, झोक जाणे आणि शेवटी बेशुद्धी.

मग करायचे काय? माणूस शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजा. पेढा-बर्फी नको, त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटे थांबा. उतार नसेल तर पुन्हा तेवढीच द्या. सावरल्यावर भाकरी किंवा पोळी खाऊ घाला. गोळ्यांचा अंमल तासन्‌तास टिकतो, म्हणून त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाईल. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

“पण साखर वाढलेली असली तर?” तुम्ही विचाराल. तपासणीचे यंत्र हाताशी असेल तर जरूर पाहा. नसेल, तर एवढ्या साखरेने फारसे बिघडत नाही. उशिराने मात्र जीव जातो.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, मधुमेह मुलांनाही होतो. शाळेच्या कपाटात साखरेची पुडी असू द्या.

त्या दिवशी चहावाल्याच्या पोराने ग्लासभर साखरपाणी आणले. “उपवासाला चालतं हो, गुरुजी!” म्हणत त्याने ते पाजले. थोड्या वेळाने गुरुजींनी डोळे पुसले आणि विचारले, “काय रे, आमची गाडी गेली का?”